पाणी, मानुश, रोम

बर्लिनमध्ये राइशटागचा काचेचा घुमट पाहून ब्रँडेनबुर्ग दरवाज्याकडे चालत निघालं, की वाटेत झाडीआड एक गोल तळं लागतं. काठोकाठ भरलेलं, पाणी काळंभोर. मधोमध त्रिकोणी दगड आणि त्यावर एकच ताजं फूल. हा दगड रोज पाण्याखाली जातो आणि नवं फूल घेऊन वर येतो. नाझी छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर त्रिकोण शिवलेला असे, त्याची ही खूण. भोवतीच्या दगडांवर छावण्यांची नावं कोरलेली आहेत, आणि व्हायोलिनचा सूर मागे वाजत राहतो.

सिंती आणि रोमा हे युरोपात पसरलेले लोकसमूह; त्यांच्यातल्या नाझींनी मारलेल्यांचं हे स्मारक. शिल्पकार दानी कारावान. उभारायचं १९९२ मध्ये ठरलं, खुलं झालं २०१२ मध्ये. वीस वर्षं लागली, त्यात एक वाद शब्दाचा होता. काहींचं म्हणणं, सगळ्या गटांना सामावणारा 'त्सिगॉयनर' हाच जुना जर्मन शब्द शिलालेखात हवा. इतरांना ते असह्य होतं. ऑशविट्झमध्ये याच शब्दाचं पहिलं अक्षर त्यांच्या हातांवर आकड्याआधी गोंदलं होतं.

बाकावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. दोघींचंही इंग्रजी बेताचं, पण गप्पा सुरू झाल्या. मी विचारलं, "तुम्ही जिप्सी का?" आपल्याकडे जिप्सी म्हणजे ताडोबात वाघ दाखवायला नेणारी उघडी गाडी, नाहीतर मनमौजी भटक्या. या शब्दाने कुणाला काही टोचत असेल असं मनातही आलं नव्हतं. त्या गप्प झाल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मी रोम्नी."

बाई स्लोव्हाकियाच्या. तिथे त्यांच्या लोकांना 'त्सिगान' म्हणतात, आणि त्यावरूनच 'खोटं बोलणं' या अर्थाचं क्रियापद झालंय. "वर्गात कुणी थाप मारली, की आमचंच नाव निघायचं," त्या म्हणाल्या. मला फार लाज वाटली. पारध्याच्या पोराकडे आधी संशयाने बघणारी शाळा मी गावी पाहिली आहे.

रात्री खोलीवर या नावांमागे लागले. एक हजार वर्षांपूर्वीच्या आसपास हिंदुस्थानातून निघालेले हे लोक युरोपात पोचले, तेव्हा ते इजिप्तचे असावेत अशी समजूत झाली. त्या चुकीतून इंग्रजीत 'जिप्सी' आणि स्पॅनिशमध्ये 'हितानो' आलं. बोहेमियाच्या राजाचं शिफारसपत्र घेऊन काही टोळ्या फिरल्या, म्हणून फ्रेंचांनी त्यांना बोहेमियन ठरवलं. 'त्सिगॉयनर' आणि 'त्सिगान' यांचं मूळ बहुतेक अभ्यासक एका ग्रीक शब्दात शोधतात: 'अथिंगानोई', शिवून न घेणारे. बायझंटाइन काळातल्या एका धर्मपंथाचं ते नाव, यांच्यावर येऊन चिकटलं. शिवाशिवीचा हा अर्थ वाचल्यावर बराच वेळ पान उलटवेना.

त्यांची स्वतःची नावं साधी आहेत. रोम म्हणजे पुरुष, नवरा. रोम्नी म्हणजे बाई, बायको. संस्कृतातल्या 'डोम्ब'शी या शब्दाचं नातं लावतात. पश्चिम आशियात 'डोम' आणि आर्मेनियाकडे 'लोम' आजही आहेत. फ्रान्समधले स्वतःला 'मानुश' म्हणवतात, स्पेन आणि फिनलंडमधले 'काले'. काहींची नावं धंद्यावरून पडली, आपल्या दरवेश्यांसारखी: उर्सारी अस्वलं खेळवणारे, काल्डेराश भांडी घडवणारे. एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली आणि आम्हाला रोमा म्हणा, असं तिथे ठरलं. जर्मनीतले सिंती मात्र आपलं नाव वेगळं घेतात, म्हणून तिथे 'सिंती आणि रोमा' असा जोड उच्चार होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तळ्यापाशी गेले. बाई तिथेच होत्या. मी आधी माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला, तळ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "पानी." मीही म्हटलं, "पाणी." त्या हसल्या आणि एकेक बोट मिटत मोजू लागल्या: येख, दुय, त्रिन, श्टार, पांज. पाचाला मी त्यांच्याबरोबर म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "मानुश." तोच हात माझ्या खांद्यावर ठेवून पुन्हा, "मानुश."

निघताना त्या म्हणाल्या, "लाचो दिवेस." लाचो म्हणजे चांगला, हे त्यांनी सांगितलं. दिवेस मी विचारलंच नाही.