समुद्री काकडी पाळताना सगळं अडलं ते वाळूपाशी

समुद्री काकडी म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीसारखा लांबट, मऊ प्राणी. भारतातल्या वाचकांना आधीच सांगते: 2001 पासून सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तिकडे त्या पाळता येत नाहीत. मी अमेरिकेत राहते. माझ्याकडची ‘टायगर टेल’ जातीची काकडी इथल्या दुकानातली.

पाण्याचं काही अडलं नाही. खाऱ्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 25 अंश सेल्सिअस, अमोनिया-नायट्राइट शून्य. अडलं ते वाळूपाशी. दुकानात सांगतात, ‘टाकी लावा, काकडी सोडा, तळ आपोआप साफ राहील.’ या सल्ल्याची मला अजून चीड येते, कारण त्यात जीव जातो काकडीचा. ती वाळू गिळते, कणांवरचे जिवाणू, सूक्ष्म शैवाल आणि कुजलेला गाळ पचवते आणि उरलेली वाळू लेंड्यांच्या रूपात टाकते. नव्या टाकीतल्या वाळूवर तिला खाण्याजोगं जवळजवळ काहीच नसतं. उपाशी काकडी लगेच मरत नाही, महिनोन्‌महिने आकसत जाते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

म्हणून थांबायचं. निदान सहा महिने, वर्षभर थांबलात तर उत्तम. वाळू बारीक घ्या, 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी कणांची, थर 5 ते 7 सेंटिमीटर. प्रवाळाचा जाडा चुरा चालत नाही. या काळात सायफनने वाळू धुऊ नका. जो गाळ उपसून टाकाल तेच तिचं जेवण. काचेतून वाळूच्या थरात तपकिरी-हिरवे पट्टे आणि बुडबुडे दिसू लागले, रात्री टॉर्चच्या उजेडात काचेवर बारीक किडे पळताना दिसले, की वाळू तयार होतेय असं समजा. घाईने जास्त खाद्य टाकलं तर नायट्रेट वाढतं, वाळू काही लवकर पिकत नाही. 200 लिटरला एकच काकडी. नंतर कमी पडलंच तर दिवे मालवल्यावर स्पिरुलिना या शैवालाची बुडणारी पूड चिमूटभर वाळूवर सोडावी.

ती खातेय की नाही हे लेंड्यांवरून कळतं. लांबी मोजायची तर ती पूर्ण ताणलेली असताना फोटो काढा. आखडलेली असताना मोजलंत तर फसाल.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: काकडी आणण्यापूर्वी प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंज बसवा. पंख्यात सापडली किंवा फार बिथरली, तर ती होलोथुरिन हे विष सोडू शकते आणि त्याने टाकीतले मासे दगावतात. तसं झालं तर तिला लगेच बाहेर काढा, निम्म्याहून जास्त पाणी बदला, ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा. तांब्याचं औषध त्या टाकीत कधीही नको. काकडी टाकीत सोडण्याआधी ती ज्या पाण्यात आणली त्यात टाकीचं पाणी तास-दोन तास थेंबाथेंबाने मिसळा.

आणि रंगाला भुलून ‘सी अ‍ॅपल’ ही रंगीत समुद्री काकडी घेऊ नका. ती वाळू खातच नाही, पाण्यात तरंगणारे कण टिपते, आणि घरच्या टाकीत तिचं पोट भरणं फार कठीण. विकत घेण्याआधी दुकानातल्या टाकीत वाळूवर ताज्या लेंड्या दिसतात का ते पाहा. नसतील तर दुसरीकडे जा.