लायनरपासून लिफ्टपर्यंत: आमची वाटचाल

आम्ही सुरुवात केली ती ब्रेक शूला लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, ठोकून देण्यापासून. दोन माणसं, हाताने चालवायचं रिव्हेट मशीन आणि ड्रम कापायला एक जुनं लेथ. इतर गॅरेजवाले सकाळी शू टाकून जायचे, संध्याकाळी घेऊन जायचे. गाडी कोणती, ती कोण चालवतं, हे आम्हाला कळायचंही नाही.

पिकअप उंच करण्याचं काम गिऱ्हाइकांनीच गळ्यात घातलं. मागे स्प्रिंगच्या पाट्याखाली ब्लॉक, पुढे उंची वाढवणारा स्पेसर, ३१ इंचीच्या जागी ३५ इंची टायर. दोन दिवसांत गाडी तयार, गिऱ्हाईक खूश. मूळचे ब्रेकवाले असून आम्ही त्या गाड्यांच्या ब्रेककडे ढुंकून पाहिलं नाही, हे लिहिताना आजही ओशाळायला होतं.

मग तक्रारी यायला लागल्या. "ब्रेक लागतो, पण गाडी थांबत नाही." हिशोब मांडला तर गिऱ्हाइकाचं खरंच होतं. टायरची त्रिज्या वाढली की ब्रेकने तेवढाच पीळ दिला तरी रस्त्यावर पोचणारा जोर घटतो. ३१ वरून ३५ ला गेलं की सुमारे ११ टक्के. चाक जड, त्यात वजन बाहेरच्या कडेला, म्हणजे फिरतं चाक आवरायलाच ताकद खर्ची पडते. वर स्पीडोमीटर फसवतो: काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९० ने पळत असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा एवढ्यानेच ती सव्वापट झाली.

आम्ही उपाय केला तो महागडा. एका पिकअपला पुढे चाकासोबत फिरणाऱ्या मोठ्या डिस्क आणि त्यांना पॅडने आवळणारे जास्त पिस्टनचे कॅलिपर बसवले. महिना-दीड महिन्यात गाडी परत. पुढचे पॅड संपत आलेले, डिस्कवर तापून आलेली निळी झाक, आणि माल भरला की थांबायला तेवढंच अंतर. आमच्या मिस्त्रीने सहज म्हणून मागचा ड्रम उघडला. आत लायनर जवळजवळ कोरं! मागची चाकं काही कामच करत नव्हती.

कारण निघालं एका बोटभर जाड दांडीत. या पिकअपला चॅसी आणि मागच्या धुऱ्याच्या मध्ये लोड व्हॉल्व्हची दांडी असते. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. आम्ही ब्लॉक टाकून चॅसी ३ इंच वर नेली होती. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायमची रिकामी. दांडीचं धुऱ्याकडचं टोक ३ इंच उचलणारं लोखंडी ब्रॅकेट आम्ही तिथेच कापून, वाकवून बनवलं. गिऱ्हाइकाला डिस्क-कॅलिपरचे पैसे परत दिले. त्याने घेताना काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

त्यानंतर कामाची पद्धतच फिरली. आता गाडी वर घेऊन चाकं पूर्ण लोंबकळू देतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवतो आणि होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, कुठे ताणतो ते हाताने चाचपतो. ताणला तर लांब होज. मग व्हॉल्व्ह, मग ऑइल. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून बसलेलं असतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पाणी मुरलं की हीच हमी १४० वर येते. घाटात पेडल एकाएकी फुसकं होतं ते याच पाण्याची वाफ होऊन. पॅड बदलल्यावर ते डिस्कवर बसवायला आठ-दहा वेळा वेग कमी करतो, पूर्ण न थांबता. निम्म्या गाड्यांना एवढ्यावर फरक पडतो. उरलेल्यांनाच मोठी डिस्क. आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की पेडल खोल जातं, म्हणून पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं गणितही सोबत.

भोकं पाडलेल्या डिस्क आम्ही जड गाडीला सुचवत नाही. दिसतात झकास, पण तापून गार होता होता भोकांच्या कडेने चिरा जातात. यावर वाद घालणारे येतात, घालू देतो.

आज आम्ही सात जण आहोत. ब्रेक करायचे नाहीत, फक्त उंची द्या, म्हणणाऱ्याचं काम घेत नाही. तो दुसरीकडे करून घेतो आणि त्यातले काही होज तपासायला आमच्याकडेच येतात. सध्या लिफ्टवर ३७ इंचीवाली एक पिकअप उभी आहे. मागचा ब्रॅकेट बसलाय, पुढच्या ब्रेकच्या ऑइलमधली एअर काढायची राहिलीय.