शरदातील सिल्लारी : सागाची जाळी आणि क्षितिजाजवळचा ध्रुव

भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे मी आणि माझा मामेभाऊ नागपूरहून निघालो आणि मनसर, पवनी असे करत पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी प्रवेशद्वाराजवळ मुक्कामाला पोहोचलो. शरदातील छायाचित्रणासाठी सलग तिसऱ्या वर्षी केलेली ही तीन रात्रींची तंबूतील सहल होती. गेल्या दोन वर्षांत मी दूरचे जवळ आणणारी मोठी टेलिफोटो लेन्स खांद्यावर घेऊन फिरलो आणि वाघाच्या आशेने बराच चांगला प्रकाश वाया घालवला. या वेळी ती लेन्स घरीच ठेवली आणि अगदी जवळून बारीक तपशील टिपणारी १०० मिलीमीटरची मॅक्रो आणि मोठे दृश्य चौकटीत घेणारी १४ मिलीमीटरची वाइड अशा दोनच लेन्स घेतल्या. हा निर्णय योग्य होता, असे आता खात्रीने म्हणता येते.

विदर्भातील शरदात पाने लाल-केशरी होऊन डोंगर पेटल्यासारखे दिसत नाहीत. इथला शरद पाहायचा तर पानाच्या अगदी जवळ जावे लागते. पावसाळ्याच्या अखेरीस सागावर एका पतंगाच्या अळ्या पडतात आणि त्या पानातील शिरांमधला मऊ भाग खाऊन टाकतात. शिरा मात्र तशाच राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत झाडांवर तपकिरी, जाळीदार पाने लटकू लागतात. लांबून ते झाड रोगट वाटते, पण पान उजेडासमोर धरले की मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या उपशिरा आणि त्यांच्यामधली केसासारखी बारीक वीण असे तिन्ही थर सुटे दिसतात.

बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातील पायवाटेवर आम्ही गाइडसह दोन सकाळी सुमारे सहा-सहा किलोमीटर चाललो. सूर्य साधारण सव्वासहाच्या सुमारास उगवत होता, पण झाडांमधून तिरपा प्रकाश वाटेपर्यंत यायला पावणेसात वाजत, आणि आठनंतर वारा सुटला की सागाचे मोठे पान एक क्षणही स्थिर राहत नसे. म्हणजे हाती जेमतेम सव्वा तास असे. पहिल्या सकाळी मी लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ वर ठेवून काढलेल्या चित्रांत पानाचा मधला भाग धारदार आणि कडा पुसट आल्या, कारण वाळलेले पान सपाट नसते, ते होडीसारखे वळलेले असते. दुसऱ्या सकाळी ट्रायपॉड लावून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत एकाच पानाच्या १४ फ्रेम घेतल्या आणि घरी येऊन त्या एकत्र जोडल्या. ते चित्र माझ्या मनासारखे झाले आहे. पान तोडून मुक्कामी आणले असते तर काम सोपे झाले असते, परंतु मागून येणारा जंगलातील तो कोवळा प्रकाश तिथे मिळाला नसता, आणि तोडलेल्या पानाचे चित्र काढणे मला मुळातच पटत नाही. आमचे गाइड बराच वेळ शांतपणे पाहत होते, शेवटी त्यांनी विचारले, "साहेब, सारे लोक वाघासाठी येतात, तुम्ही अळीनं खाल्लेलं पान काहून काढता जी?" मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पान मोठे करून दाखवले. त्यानंतर अशी पाने हेरून देण्याचे काम त्यांनीच हाती घेतले आणि सर्वांत सुंदर पान त्यांनाच सापडले.

कुसळी गवताचाही उल्लेख करायला हवा. पायमोज्यांत घुसणारे हे कुसळ आपण वैतागून उपटून फेकतो, पण त्याची शेपटी मॅक्रोतून पाहण्यासारखी असते. ती वाळताना दोरीसारखी पीळ घेते आणि दवाने भिजली की पीळ उलगडते. या फिरण्यानेच बी जमिनीत रुतत जाते. सकाळी दव असताना आणि ऊन चढल्यावर अशी एकाच कुसळाची दोन चित्रे मी काढली आहेत.

रात्रीचे काम अधिक कठीण गेले. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीच्या आकाशाचा काळोख जपणारे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि वाघोली तलावाच्या परिसरात आकाशदर्शनाची सोय झाली. कार्तिक शुद्ध तृतीयेची कोर लवकर मावळल्यामुळे आकाश काळेभोर होते. दक्षिणेला नागपूरचा उजेड असतो, म्हणून मी कॅमेरा उत्तरेकडे वळवला. सप्तर्षी त्या वेळी क्षितिजाखाली असल्याने शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधला. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. आपल्याकडे ती केवळ २१ अंशांच्या आसपास भरते. त्यामुळे १४ मिलीमीटरच्या आडव्या चौकटीत ध्रुव, तलावाचा काठ आणि पाणी हे तिन्ही एकत्र बसतात. हिमालयातील छायाचित्रकारांना ध्रुव इतका खाली मिळत नाही, आणि आपल्या भागाच्या या देणगीचा आपण पुरेसा उपयोग करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

छिद्र एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० आणि प्रत्येकी ३० सेकंद अशा सलग १८० फ्रेम घेऊन त्या एकत्र जोडायच्या, म्हणजे दीड तासात ताऱ्यांच्या साधारण साडेबावीस अंशांच्या कमानी मिळतील, असा बेत होता. पहिल्या रात्री साठाव्या फ्रेमनंतर तारे फुगीर दिसू लागले आणि शंभराव्या फ्रेमपर्यंत सगळेच पांढुरके झाले. टॉर्च लावून पाहिले तर लेन्सवर दव साचले होते. निरभ्र रात्री लेन्सची काच आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यात शेजारी तलाव. हवा कोरडी वाटली म्हणून पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा मी तंबूतच ठेवून आलो होतो, ही सर्वस्वी माझी चूक. दुसऱ्या रात्री चंद्र मावळण्याची वाट पाहून, पट्टा सुरुवातीपासूनच लेन्सभोवती गुंडाळून साडेनऊला सुरुवात केली आणि १८० च्या १८० फ्रेम स्वच्छ आल्या. तिसऱ्या रात्री ढग आले, तेव्हा झोपलो.

एक गोष्ट अजून साधलेली नाही. पाण्यातील ताऱ्यांचे प्रतिबिंब आले आहे, पण हलक्या लाटांमुळे ध्रुवाचा ठिपका लांबट उमटला. येत्या अमावास्येला पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी मध्यरात्रीनंतर, वारा पूर्ण पडल्यावर सुरुवात करणार आहे. गाइडभाऊंनी जाळीच्या पानाचे छापील चित्र मागितले आहे, ते तेव्हा सोबत न्यायचे आहे.