रिकामी केलेली बॅटरी

"सुरक्षित राहावी म्हणूनच तर पूर्ण रिकामी करून ठेवली होती," काका म्हणाले आणि माझ्या पोटात गोळा आला.

16 सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर क्षमतेची. घर सहा महिने बंद होतं. काकांनी ब्रेकर पाडला होता, धूळ बसू नये म्हणून वर चादरही घातली होती. इतकी काळजी घेणारा माणूस विरळा. पण चार्ज नसला म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा. ब्रेकर बंद असला तरी आतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं आणि गरज पडली तर लाइन तोडणारं सर्किट, जागाच असतो. तो 20 मिलिअँपिअर जरी घेत असला, तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. तळाशी उरलेले चार-पाच अँपिअर-अवर दहा दिवसांत संपले असणार. पुढचे महिने सेल पिळून निघत राहिले.

टर्मिनलवर मीटर शून्य दाखवत होता. बीएमएसने लाइन तोडली होती. "बायपास करून थेट चार्जर लाव ना, उठेल ती," काका म्हणाले. हे मी अनेकांकडून ऐकलंय, आणि दर वेळी भीती वाटते.

अंगठी काढली, इन्सुलेटेड हातमोजे चढवले, झाकण उघडलं आणि एकेक सेल मोजला. चौदा सेल 2.2 व्होल्टच्या आसपास, म्हणजे सेलच्या 2.5 व्होल्टच्या किमान मर्यादेखाली. उरलेले दोन 0.6 आणि 0.4 वर. त्यातला एक बोटाला जाणवेल इतका फुगलेला.

इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये ॲनोडची तांब्याची पत्री इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागते. चार्ज केलं की तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. वाईट म्हणजे व्होल्टेज वर येतो, बॅटरी बरी झाली असं वाटतं. आणि ती घरात, माणसं झोपलेली असताना तापते.

"काका, ही मी चार्ज करणार नाही, तुम्हीही करू नका." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बसवताना कुणी सांगितलं असतं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या (बसबार) सोडवल्या, प्रत्येक टर्मिनलवर टेप लावली, बॅटरी घराबाहेर काढली आणि रिसायकलिंगला पाठवली.

आता बॅटरी बसवली की निघण्यापूर्वी झाकणावर मार्करने लिहितो: "बंद ठेवताना 50 टक्के. बीएमएसचा स्विच असेल तर बंद. दर दोन महिन्यांनी तपासा. टक्के शंट मीटरवर बघा, व्होल्टेजवरून नाही." शेवटचं वाक्य मुद्दाम, कारण शंट मीटर आत-बाहेर गेलेला करंट मोजतो, पण या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जेमतेम हलतो.