नव्या मोटारहोमवर वाढीव वॉरंटी घ्यावी का? आमचा निर्णय कसा झाला

मोटारहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या वाहनाचे, मॉडेल आम्ही तुलनेने लवकर निश्चित केले होते. खरा वेळ गेला तो त्यावर वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही, हे ठरवण्यात. मी आणि माझी पत्नी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. दोघेही निवृत्त आहोत, आणि वर्षातले काही महिने अमेरिकेच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय उद्यानांच्या परिसरात काढावेत या हेतूने आम्ही 'क्लास सी' प्रकारचे, म्हणजे पुढे व्हॅनची केबिन तशीच ठेवून तिच्यामागे राहण्याची खोली बांधलेले, पेट्रोलवर चालणारे मोटारहोम घेतले. त्याची चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह खालचा सांगाडा, फोर्डची ई-४५० आहे आणि मागचे घर इंडियाना राज्यातील एल्खार्ट परिसरात बांधलेले आहे. अमेरिकेतील या उद्योगाचा मोठा भाग त्याच परिसरात एकवटलेला आहे. एकाच वाहनाचे असे दोन निर्माते असतात, ही गोष्ट पुढच्या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

किंमत ठरून कर्ज मंजूर झाल्यावर विक्रेत्याच्या फायनान्स विभागात आम्हाला सात वर्षांच्या 'एक्स्टेंडेड वॉरंटी'चा प्रस्ताव देण्यात आला. तेथील अधिकाऱ्याने रक्कम न सांगता फक्त हप्त्यातील वाढ सांगितली: महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी डॉलर. रक्कम विचारल्यावर ती दहा हजार डॉलर असल्याचे कळले. मोटारहोमसाठी मिळणारी कर्जे पंधरा-वीस वर्षांची असतात आणि आमचे वीस वर्षांचे होते. पत्नीची सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली असल्यामुळे तिने घरी आल्यावर सर्वांत आधी हेच मांडून पाहिले. वार्षिक आठ टक्के दराने वीस वर्षे फेडलेले १०,००० डॉलर अखेरीस सुमारे २०,००० डॉलर होतात. शिवाय संरक्षण सातव्या वर्षी संपते आणि त्याचे हप्ते त्यानंतर आणखी तेरा वर्षे भरावे लागतात. त्यामुळे करार घ्यायचा झाला तरी तो कर्जात मिसळायचा नाही, एवढे पहिल्याच संध्याकाळी नक्की झाले.

ही किंमत केवळ आजच्यापुरती आहे, असे त्या अधिकाऱ्याने सांगितले होते. आम्ही त्याच्याकडे किमतीऐवजी कराराची कोरी प्रत मागितली. माहितीपत्रकात काय मिळणार हे मोठ्या अक्षरांत असते, पण दावा नाकारला जातो तो करारातील कलमांच्या आधारे, म्हणून प्रत हाती आल्याशिवाय चर्चा पुढे न्यायची नाही, असे आम्ही ठरवले. प्रत मिळाली, थोडा आग्रह मात्र धरावा लागला.

ती वाचण्याआधी मूळ वॉरंटी कोणाकडून किती काळाची आहे, याचा एक तक्ता तयार केला. फोर्डकडून चासीला तीन वर्षे किंवा ३६,००० मैलांची सर्वसाधारण वॉरंटी आहे, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या भागांना पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांची. घर बांधणाऱ्या कंपनीची वॉरंटी याच्या तुलनेत तोकडी असते: आमच्या बाबतीत एक वर्ष किंवा १५,००० मैल, आणि भिंती-छताच्या सांगाड्यापुरती तीन वर्षे. घरातील फ्रिज, गॅसची शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र, छतावरील एअर कंडिशनर आणि जनरेटर यांचे उत्पादक वेगवेगळे, आणि प्रत्येकाची हमी वेगळी. टायर आणि बॅटऱ्यांची आणखी निराळी. हा तक्ता समोर ठेवल्यावर सात वर्षे या शब्दांतले वजन बरेच कमी झाले, कारण आम्हाला देऊ केलेला करार खरेदीच्या दिवसापासून मोजला जाणार होता. पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक भागाला मूळ वॉरंटी आहेच. आमचे फिरणे पाहता इंजिनाची पाच वर्षे मैलांच्या मर्यादेच्या आत पूर्ण होतील, म्हणजे इंजिनापुरते करारातून दोनच वर्षे नव्याने मिळणार. उरतात ती घराच्या भागाची साधारण सहा वर्षे. दहा हजार डॉलर मुख्यतः त्यासाठी मोजायचे होते.

कायद्याच्या दृष्टीनेही काही गोष्टी येथे लक्षात घ्याव्या लागल्या. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार खरेदीच्या किमतीतच मिळणारी ती वॉरंटी, आणि वेगळे पैसे मोजून घेतलेला तो सेवा करार. वाढीव वॉरंटी म्हणून विकला जाणारा कागद या दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि त्यामागे वाहनाचा निर्माता असेलच असे नाही. कॅलिफोर्नियात वाहनांचे असे करार करणाऱ्या कंपन्यांवर राज्याच्या विमा विभागाचे नियंत्रण असते. खरेदीदाराच्या बाजूचा एक चांगला नियमही येथे आहे: नव्या वाहनावरील करार पहिल्या ६० दिवसांत, एकही दावा केलेला नसल्यास, रद्द करून पूर्ण रक्कम परत घेता येते, आणि त्यानंतर रद्द केल्यास उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे मिळतात. दुसरी बाब तितकी सुखद नाही. सदोष नव्या वाहनांसंबंधी जो 'लेमन कायदा' म्हणून ओळखला जातो, त्यातील नव्या मोटार वाहनाच्या व्याख्येत मोटारहोमची चासी आणि त्याला चालवणारा भाग येतो. राहण्यासाठी असलेला भाग त्या व्याख्येतून वगळलेला आहे. मोटारहोममध्ये बिघाड बहुतेक त्या राहण्याच्या भागातच होतात, हे त्या क्षेत्रातल्या कोणाही कारागिराला विचारावे.

आता करार. असे करार ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकात जे भाग नावाने लिहिलेले आहेत तेवढ्यांनाच संरक्षण मिळते. दुसऱ्यात वगळलेल्या गोष्टींची यादी असते आणि तिच्याबाहेरचे सर्व काही समाविष्ट मानले जाते. आमचा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे वरकरणी अधिक उदार होता, म्हणून वगळलेल्या गोष्टींची पानेच आम्ही सावकाश वाचली. झीज वगळलेली होती. रबरी सील, सीलंट (फटी बुजवणारा लेप), पडदे, गाद्या, फर्निचर, बाहेरचा रंग आणि फायबरग्लासचे पापुद्रे सुटणे वगळलेले होते. एका भागाच्या बिघाडामुळे दुसऱ्या भागाचे झालेले नुकसान, देखभालीच्या पावत्या नसताना झालेला बिघाड, पूर्वपरवानगीशिवाय केलेली दुरुस्ती, हेही सारे बाहेर. दोष शोधण्यासाठी यंत्र उघडावे लागले आणि अखेरीस तो दोष कराराबाहेरचा निघाला, तर उघडण्याची मजुरी मालकाने द्यायची. हे चालले असताना पत्नीने विचारले, "अहो, पाणी कुठे आहे यात?"

प्रश्न नेमका होता. अनेक मोटारहोमचे छत रबरासारख्या पातळ आवरणाचे असते आणि त्यात एअर कंडिशनर, हवा जाण्याची झडप, अँटेना, फ्रिजची धुराडी अशी अनेक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राभोवती सीलंट लावलेले असते, ते उन्हाने आणि रस्त्यावरील धक्क्यांनी हळूहळू फाटते, आणि पाणी आत शिरले की अनेकदा प्लायवूड कुजल्यानंतरच डाग दिसू लागतो. भिंत किंवा छत उघडून पुन्हा बांधावे लागणे ही या वाहनाची सर्वांत महागडी दुरुस्ती ठरू शकते. आमच्या करारात सीलंट हा देखभालीचा विषय मानून वगळला होता आणि पाण्याने होणारे नुकसान स्पष्ट शब्दांत नाकारले होते. वाहनाच्या विम्यातही हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याला सहसा जागा नसते. ज्या खर्चाची आम्हाला सर्वाधिक धास्ती होती, त्यालाच या कराराचा हात लागत नव्हता, आणि माझ्या मते निर्णयाचे पारडे तेथेच झुकले.

तरीही विषय तेवढ्यावर सोडला नाही, कारण पाणी वगळले तरी बरीच यंत्रे उरतात. करार करणारी मूळ कंपनी कोण, तिच्या वतीने दावे पाहणारी कंपनी कोण आणि दोघींच्या मागे विमा कोणाचा, हे तीन वेगवेगळे प्रश्न असतात, आणि विक्रेता या तिघांपैकी कोणीच नसू शकतो. नेब्रास्कातील लिंकन येथून चालणारी, पण केमन बेटांवर नोंदणी असलेली 'नॅशनल वॉरंटी' ही कंपनी २००३ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या भरवशावर विकलेले वाहनांचे असंख्य करार निराधार झाले. मिसूरीतील 'यूएस फिडेलिस' या करार विकणाऱ्या कंपनीने २०१० मध्ये दिवाळखोरी पत्करली. आमच्या करारामागील विमा कंपनीचे 'ए. एम. बेस्ट' या संस्थेचे पतमानांकन पाहिले. ते चांगले होते, आणि कंपनीची राज्यातील नोंदणीही व्यवस्थित होती. म्हणजे त्या बाजूने नाकारण्यासारखे काही नव्हते. (फोनवर येणाऱ्या 'तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आहे' या ध्वनिमुद्रित आवाजांना आम्ही या सगळ्यात धरलेच नाही. अशा अब्जावधी कॉलबद्दल अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२३ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला होता, हे मात्र येथे नमूद करतो.)

मग दोन स्वतंत्र विक्रेत्यांकडून तशाच संरक्षणाचे भाव मागवले. ते कमी निघाले, आणि ते कळवताच फायनान्स विभागातील केवळ आजची किंमतही अडीच हजारांनी उतरली. वस्तूची किंमत वाटाघाटीत एवढी हलते, तेव्हा तिच्यात विकणाऱ्याचा वाटा किती असेल याचा अंदाज येतो. स्वस्त झाल्यावर मोह झाला, हेही खरे.

शेवटचा हिशेब यंत्रांचा केला. गावोगावी जाऊन दुरुस्ती करणाऱ्या एका अनुभवी कारागिराला बोलावून त्याच्याकडून अंदाज घेतले. छतावरचा एअर कंडिशनर बदलायला दीड-दोन हजार डॉलर, गॅसवर चालणारा फ्रिज बदलायला त्याच्या दुपटीच्या आसपास, जनरेटर पूर्ण बदलण्याची वेळ आली तर त्याहूनही अधिक. स्लाइड-आउटची, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकवता येणाऱ्या भिंतीच्या भागाची, मोटर आणि पाण्याचा पंप त्या मानाने किरकोळ. पहिल्या वर्षी मूळ वॉरंटी आहे असे धरून, पुढील सहा वर्षांत यांतील दोन मोठ्या वस्तू गेल्या तरी खर्च उतरलेल्या किमतीच्याही आत राहत होता, आणि करारात प्रत्येक दुरुस्तीमागे दोनशे डॉलर आम्हीच भरायचे होते ते वेगळेच. टोइंगची सोय आमच्या विम्यात आधीपासून होती, त्यामुळे करारातील ती सवलत आमच्या कामाची नव्हती.

आम्ही करार नाकारला. हा निष्कर्ष आमच्या गाडीपुरता आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. सॅक्रामेंटोत राहणाऱ्या आमच्या एका मराठी मित्राने मागच्या बाजूला डिझेल इंजिन असलेले मोठे 'क्लास ए', म्हणजे बससारख्या बांधणीचे, मोटारहोम घेतले. त्याच्याकडे चार स्लाइड-आउट, उभी गाडी समतल ठेवणारे हायड्रॉलिक पाय, एअर सस्पेन्शन आणि खालून गरम होणारी फरशी आहे, आणि तो वर्षभर त्यातच राहणार आहे. त्याच्या वाहनातील एका बिघाडाचा खर्च आमच्या दोन बिघाडांना भारी पडेल. त्याने करार घेतला तो योग्यच केला, फक्त मी सुचवल्यावरून रक्कम रोख भरली.

ज्या पैशांचा करार टळला, त्यांतील थोडे आम्ही लगेच खर्च केले. गाडी ताब्यात घेण्याआधी मोटारहोम तपासणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून दिवसभराची तपासणी करून घेतली, आणि त्याने दाखवलेल्या त्रुटी दूर होईपर्यंत अखेरच्या कागदांवर सही केली नाही. बाकीची रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या बचत खात्यात ठेवली आहे. छतावरील सीलंट मी स्वतः ठरावीक काळाने तपासतो, त्याची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवतो.

कराराने न सुटणारी एक अडचण पहिल्याच वर्षी कळली, ती म्हणजे प्रतीक्षा. दुरुस्तीचे पैसे कोणीही भरले तरी कार्यशाळेत जागा मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि ऐन उन्हाळ्यात तर वाहन तेथे ठेवून घरी बसावे लागते. म्हणून पहिले वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी आम्ही लहानमोठ्या सर्व तक्रारींची एक यादी करून ती घर बांधणाऱ्या कंपनीला आणि विक्रेत्याला ईमेलने पाठवली. स्नानगृहाचे दार नीट बसत नव्हते, पाण्याच्या टाकीचा मापक चुकीचा आकडा दाखवत होता, स्लाइड-आउटचा एक कोपरा घासत होता. दुरुस्तीची तारीख वॉरंटी संपल्यानंतरची मिळाली, पण तक्रार मुदतीत नोंदलेली असल्याने कंपनीने तीनही कामे खर्च न घेता करून दिली.