वहीतली खोडलेली ओळ

पटकथा कुठे कुठे दाखवायची याची यादी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर असते. १४ फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं, तेव्हा दोन ओळी खोडून एक लिहिली. बाबा म्हणाले, ‘चला, शाई वाचली!’ हसले मी. पण पूर्वी एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याचं दार असायचं. दोघांत चुरस लागली तर भावही वाढायचा. (माझा कधी वाढला नाही, ते सोडा.)

२०१९ला डिस्नीने फॉक्स हा हॉलिवूडचा स्टुडिओ घेतला आणि पुस्तकांवरून मध्यम बजेटचे सिनेमे करणारा ‘फॉक्स २०००’ विभागच बंद केला. धास्ती त्याचीच आहे. माझी गुऱ्हाळाची गोष्ट नेमकी त्याच मापाची. सोमवारी पुन्हा अंधेरीला निघालेय, सातवा मसुदा घेऊन.