राधानगरीच्या पुढं, एका वाडीत दोन रात्री

राधानगरीला आम्ही कोल्हापूरकर जातो ते सकाळी निघून दिवेलागणीला परतायच्या बोलीवर. धरण, डबा, दोन-चार फोटो, संपलं. यंदा जानेवारीत मात्र सासूबाई आणि लेकीला घेऊन फोंड्याच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका वाडीत राहिलो. शेतकरी कुटुंबानं राहत्या घराच्या माडीवर पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. खाली सोपा, शेजारी गोठा, मागं परडं.

पहिली चूक आमचीच. पाचला पोचतो म्हणून कळवलं आणि शहरातनं निघायलाच सहा वाजले. राधानगरी सोडल्यावर फोनची रेंज गेली, त्यामुळं उशीर होतोय हे सांगताही आलं नाही. नऊला पोचलो तर घरातलं एक माणूस जेवलेलं नव्हतं. आज्जी सोप्यातच बसून होत्या. "पावनं यायच्या आधी आमी कसं जेवायचं?" एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन चूल पेटवली. मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी हेच सांगते, उजेडात पोचा आणि शेवटचा फोन राधानगरीतूनच करा. तो जंगलालगतचा रस्ता आहे, अंधारात गवे आडवे येतात. गवा दिसला तर लांबच थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही, त्याला जाऊ द्यायचं.

जेवायला नाचणीची भाकरी, उसळ, खर्डा आणि घरच्या म्हशीचं दही. दुसऱ्या दिवशी लेक आज्जींच्या शेजारी चुलीपुढं बसली. काटवटीत कढत पाण्यानं मळलेलं पीठ, तळहातानं गोल गोल सरकत मोठी होणारी भाकरी, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. "पानी पुरतं वाळायच्या आत उलट बाळा, न्हाईतर चिरती," आज्जी सांगत होत्या. पोरीच्या पहिल्या दोन चिरल्या. तिसरी आरापुढं उभी केली आणि टम्म फुगली, तेव्हा आज्जींनी ती तिच्याच ताटात वाढली. घरी चपातीला नाक मुरडणारी ही पोर ती भाकरी नुसत्या दुधाबरोबर खात होती.

जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवा. कोंबडी हवी असेल तर येण्याआधीच बोला, तिथं फ्रिजमधून काढून शिजवत नाहीत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हट्ट मात्र धरू नका. तो शहरात कधीही मिळतो, त्यांच्या रोजच्या स्वयंपाकाची चव इथंच मिळते.

पहाटे धारा काढायच्या आवाजानं जाग येते. अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, ते पाळीपाळीनं घ्यायचं. संडास परड्यात आहे, रात्री बॅटरी लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, माडीचा जिना उभा, तेव्हा काकींनी स्वतःहून खाली माजघरात त्यांचं अंथरूण घातलं. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आधीच बोलून घ्या. थंडी शहरापेक्षा बरीच जास्त, स्वेटर-कानटोपी हवीच.

बघायचं म्हणाल तर धरण आहेच. शाहू महाराजांनी भोगावतीवर उभं करायला घेतलेलं हे धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात त्यातले किती उघडले यावर पंचगंगेकाठची सगळी गावं कान लावून असतात. उन्हाळ्यात तेच पाणी शेताला पुरतं. घरातल्या दादांनी बांधावर उभं राहून हे समजावलं तेव्हा लेकीला पहिल्यांदा नीट कळलं. दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, ते धरूनच बेत करा. काजवे बघायचे असतील तर मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर जा.

गाडी नसेल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून फोंडामार्गे कणकवलीला जाणारी एसटी धरा. फाट्यावर उतरलात की दादा घ्यायला येतात. पैसे रोख न्या, रेंजअभावी फोनवरून देणं होत नाही. स्पीकर मात्र घरी ठेवून जा. आठला गाव निजतं आणि गाभण म्हैस आवाजानं बुजते.

असं घर शोधायचं तर राधानगरीत चहाच्या टपरीवर विचारा, लोक आपुलकीनं सांगतात. फोन करायचा तो दुपारी एक ते तीनच्या दरम्यान. सकाळी डेअरीला दूध घालायची गडबड असते, संध्याकाळी गुरं घरी येतात आणि कुणाचा हात मोकळा नसतो.